माझ्या पाठीवरची ओळ

मी एक जुना कागद आहे. मित्रांनो, कागद म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे वहीचे पान आले असेल, पण मी वहीतला नव्हे. मी चित्राचा कागद. तुमच्यापैकी एखाद्याने दोन्ही हात पसरून मला धरले तर कसाबसा मावेन, एवढा मोठा. माझ्यावर एका झाडाचे चित्र आहे आणि ते अपुरे आहे. माझ्या पाठीवर शाईने लिहिलेली एक ओळ आहे आणि ती खोटी आहे. पुढचे अपुरेपण कुणालाही दिसते. मागचा खोटेपणा मात्र साठ वर्षे कुणी उच्चारला नाही, आणि मला तर तोंडच नाही.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. जुने सदरे, फाटक्या चादरी, कुणाच्या तरी उशांचे अभ्रे, असे सुती कापड पाण्यात कुजवून, कुटून, त्याचा लगदा करून मला घडवले. जाळीवर पसरले, दोन जाड घोंगड्यांच्या मध्ये दाबले, वरून सरसाचा हात दिला. त्यामुळे मी चिवट झालो. पण कपड्यांना अंगाची सवय असते आणि ती सहजी जात नाही. नव्या कोऱ्या गठ्ठ्यात पडून असतानासुद्धा मला कधीकधी वाटायचे, आपल्या आत कुणीतरी कूस बदलते आहे. तेव्हा मला त्याची भीती वाटत नसे. भीती म्हणजे काय, हे मला पुढे कळले.

माझे गठ्ठ्यातले दिवस संपले आणि मी ताईंच्या हाती आलो. ताई झाडांची चित्रे काढत. भिंतीवर टांगायची नव्हे, तर अभ्यासाची. एका मोठ्या बागेत काचेचे एक लांबलचक घर होते. आत उष्ण, दमट जंगलांतली झाडे वाढवलेली होती. हवा कायम ओली, काचांवर सतत घाम. त्या काचघराच्या एका टोकाला काचेचीच भिंत घालून चित्रांची खोली केली होती. तिथे एक उतरते टेबल, पाण्याच्या दोन वाट्या (एक कुंचला धुवायला, एक स्वच्छ), एक भिंग आणि मापे घ्यायचा दोन टोकांचा कंपास. ताई आधी कंपासाने झाडाचे माप घ्यायच्या आणि मग तेच माप माझ्यावर टेकवायच्या. पान वीतभर असेल तर चित्रातही वीतभरच. त्यांचा नियम एका वाक्याचा होता : जे समोर आहे तेच काढायचे, जे मोजले नाही ते काढायचे नाही.

पाण्याच्या रंगांची एक गंमत तुम्हांला सांगतो. या कामात पांढरा रंग वापरत नाहीत. जिथे पांढरे हवे तिथे कागद तसाच सोडून देतात. म्हणजे पाकळीच्या कडेवरची चमक, देठावर पडलेला उजेड, हे काही रंगवलेले नसते. ते आम्हीच असतो. रंग ताईंचे, उजेड माझा. मला त्याचा फार अभिमान होता.

ताईंबरोबर त्यांची धाकटी बहीण येई. आईवडील लवकर गेल्यामुळे ताईंनीच तिला लहानाची मोठी केली होती. सगळे तिला धाकटीच म्हणत. वय एकोणीस, अंगात उत्साह मावत नसे. वाट्या धुणे, पेन्सिलींना टोके करणे, रंगांच्या वड्या पुसून ठेवणे, ही तिची कामे. धूळ म्हणजे तिची सात जन्मांची वैरीण. हातात फडके नसेल तर तिला आपण उघड्यावर पडलोत असे वाटे. ताई चेष्टेने म्हणत, की हिला देवाघरी बोलावले तर ही आधी तिथल्या पायऱ्या पुसेल आणि मगच आत जाईल.

आणि तिसरे होते माळीकाका. कार्यालयातली माणसे त्यांना ‘कंपाउंडर’ म्हणून चिडवत, कारण ते झाडांना पाणी औषधासारखे देत. याला दोन चमचे, त्याला पाच थेंब, हिला आज उपास. काका हसत आणि म्हणत, की डॉक्टर कुणीही होतो, कंपाउंडरला मात्र काम यावे लागते.

ज्या झाडासाठी मला टेबलावर ताणून बसवले, त्याची ओळख आता करून देतो. ते ब्रोमेलियाड कुळातले होते. नाव ऐकून बिचकू नका, तुमचे अननस त्याच घराण्यातले आहे. यातली बरीच भावंडे जमिनीत वाढत नाहीत, उंच फांद्यांवर बसून राहतात. पाने मुळाशी अशी घट्ट जुळतात की मध्ये एक पेला तयार होतो. पावसाचे पाणी त्या पेल्यात साठते आणि झाड तेच पिते. मुळे फक्त फांदीला धरून ठेवायला. पानांवर बारीक राखेसारखी पूड दिसते. ती पूड नसते, मित्रांनो. ते अतिशय सूक्ष्म खवले असतात आणि त्यांनीच पान पाणी शोषते. म्हणजे ज्याला आपण धूळ समजू, ते त्या झाडाचे तोंड असते. एकदा पुसले गेले की ते पुन्हा येत नाही.

आमच्या झाडाच्या पानांवर ही राख आडव्या पट्ट्यांत होती. हिरव्यागार पानावर राखाडी पट्टे, एकाखाली एक. तसे पट्टे दुसऱ्या कुठल्याच भावंडाला नव्हते, म्हणून ते साऱ्या जगात नवे ठरणार होते. ते ज्या जंगलातून एवढेसे असताना आणले होते, ते जंगल मागाहून धरणाच्या पाण्याखाली गेले. उरले ते हे एकटे. काकांनी त्याला सतरा वर्षे सांभाळले. अशी झाडे आयुष्यात एकदाच फुलतात. फुलल्यावर नवे पान येत नाही. बुडाशी एक-दोन पिल्ले सोडतात आणि मग हळूहळू मरतात.

सतराव्या वर्षी ते फुलले. झाडांचा अभ्यास करणारे साहेब धावत आले. त्यांना झाडाचे वर्णन छापायचे होते आणि वर्णनाला चित्र हवे होते. त्या काळी फोटो काळेपांढरे असत आणि या झाडाचा तोही कुणी काढलेला नव्हता.

लाल दांड्यावर जांभळी फुले होती. प्रत्येक फूल एक सकाळ टिकायचे आणि दुपारी मिटायचे. चित्रकारांमध्ये एक शहाणपण चालत आलेले आहे : फूल आधी, पान मागाहून. फूल पळते, पान कुठे जाते? त्याप्रमाणे ताईंनी अकरा सकाळी फुलेच काढली. दांड्याला लाल रंगाचे इतके पातळ हात दिले की मला ते श्वासासारखे जाणवत. चित्रात पुढच्या बाजूचे एकच मोठे पान घ्यायचे होते, ते मात्र फक्त पेन्सिलीने रेखून ठेवले. त्यात पट्टे यायचे होते. पट्टे म्हणजे राखाडी उजेड, म्हणजे मीच. माझी पाळी बाराव्या दिवशी येणार होती, आणि मी तिची वाट पाहत होतो.

बाराव्या सकाळी ताईंच्या आधी धाकटी आली. अकरा दिवसांच्या कामाने ताईंचे डोळे लाल झाले होते, त्यांना आज सगळे लख्ख आणि तयार मिळावे, असे तिच्या मनात होते. तिने खुंटीवरची किल्ली आणली होती. काका पहाटेचे पाणी देऊन नुकतेच बाहेर गेले होते. तिने वाट्या भरल्या, टेबल पुसले. मग तिचे लक्ष झाडाकडे गेले. पानांवर राख बसलेली. एवढ्या मोठ्या दिवशी आणि झाड असे मळकट!

तिने फडके ओले केले आणि एकेक पान बोटांत धरून बुडापासून टोकापर्यंत पुसून काढले. गाणे गुणगुणत, लहान बाळाचे तोंड पुसावे तितक्या मायेने. मी टेबलावर होतो. तिच्या हातातले फडके सुती होते, म्हणजे माझ्याच रक्ताचे. मला ओरडायचे होते. माझ्या आतल्या सगळ्या चिंध्या ओरडत होत्या. पण कागदावर कुणी लिहिल्याशिवाय तो काही बोलू शकत नाही.

ताई आल्या. त्यांनी भिंग उचलले, पानाजवळ नेले आणि तसेच खाली ठेवले. पाने तेल चोपडल्यासारखी चकाकत होती.  धाकटी शाबासकीची वाट पाहत होती. ताईंचा चेहरा पाहून तिचे हसू जागच्या जागी विरले. काय झाले ते तिला अजून कळले नव्हते, पण काहीतरी भयंकर झाले आहे हे कळले. तेवढ्यात साहेबही आत आले. त्यांनी पाने पाहिली आणि त्यांच्या हातातली कागदांची थप्पी खाली पडली.

“कुणी हात लावला याला?” ताईंनी विचारले. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरे झाले असते.

धाकटीचे हात पाठीमागे गेले. ती म्हणाली, “सकाळी काका होते आत.”

ऐका मित्रांनो, हे वाक्य खोटे नव्हते. काका खरेच सकाळी आत होते. पण खऱ्या शब्दांनीही खोटे बोलता येते, ते असे.

काकांना बोलावले. त्यांनी झाड पाहिले आणि वाकून एकेक पान निरखले. साहेब त्यांना नाही नाही ते बोलले. काका एवढेच म्हणाले, की मी पानाला हात लावलेला नाही. मग त्यांची नजर धाकटीच्या ओल्या पदराकडे गेली, तिथून तिच्या चेहऱ्याकडे. एकोणीस वर्षांची पोर ती. काकांनी मान खाली घातली आणि ते वाक्य दुसऱ्यांदा म्हटले नाही.

साहेबांनी ताईंना सुचवले, की तुम्ही तर हे झाड रोज बघत होता, आठवणीने काढा पट्टे.

“किती पट्टे होते, साहेब?” ताई म्हणाल्या. “अकरा की तेरा? मधलं अंतर सारखं होतं की टोकाकडे कमी होत जायचं? मी नऊ वर्षं बघितलं, पण मोजलं नाही. आज मोजणार होते.”

 मग साहेबांनी मला टेबलावरून सोडवले, उलटे केले आणि टाकाने माझ्या पाठीवर लिहिले : ‘पानावरील पट्टे माळ्याच्या हलगर्जीपणामुळे पुसले गेले, सबब पान रंगविलेले नाही.’ टाकाचे टोक मला बोचले. रंग बसतो तेव्हा थंड वाटते. ही शाई मात्र आत उतरली आणि उतरतच राहिली.

काकांना काचघरातून काढून बाहेरचे रस्ते झाडायच्या कामावर पाठवले. सामान न्यायला ते आले तेव्हा खोलीत धाकटी एकटीच होती. झाडाच्या बुडाशी दोन पिल्ले दिसू लागली होती, अंगठ्याएवढी. काकांनी खिशातून एक छोटा चमचा काढून तिच्यापुढे ठेवला.

“पिल्लांना मुळात पाणी नको,” ते म्हणाले. “मधल्या पेल्यात, रोज एक चमचा. दोन-तीन वर्षांत पट्टे धरतील. मग ताईंना पान काढता येईल. नव्या माळ्याला सांग.”

एवढे बोलून ते गेले. त्यांनी तिला काहीही विचारले नाही. विचारले असते तर ती कदाचित सुटली असती.

नवा माळी दिलदार होता. कुणालाच तहानलेले ठेवायचे नाही, हा त्याचा बाणा. मोठी नळी घेऊन यायचा आणि सगळ्यांची मुळे चिंब करायचा. धाकटीने एकदा त्याला चाचरत सांगितले, की यांना वरून, पेल्यात, चमच्याने द्यायचे असते. तो खो खो हसला. म्हणाला, “छोट्या ताई, झाडं मुळांनी पाणी पितात, डोक्यानं नाही. कुणी सांगितलं हे तुम्हाला?”

कुणी सांगितले? उत्तर सोपे होते. पण काकांचे नाव घ्यायचे म्हणजे काका बरोबर होते असे म्हणायचे, आणि एकदा ते बरोबर होते म्हटले की पुढचा प्रश्न आलाच.  ‘कुणी नाही, मला आपलं वाटलं,’ असे ती म्हणाली. चमचा टेबलाच्या खणात गेला. ती पुष्कळदा नळीचा आवाज ऐकून जागेवरून उठे आणि परत बसे.

मोठे झाड वाळले. त्यानंतरच्या पावसाळ्यात ताईंनी एका पिल्लाचे मधले पान जरासे ओढून पाहिले. ते अलगद हातात आले. खालून सडलेले होते. दुसऱ्याचेही तेच झाले. ताईंनी ती दोन्ही पाने खिडकीत ठेवली आणि त्या दिवशी काही काम केले नाही. साऱ्या पृथ्वीवर ते झाड आता उरले होते ते फक्त माझ्या अंगावर, आणि तेही अर्धे.

ताईंनी मला खोलीतून हलवले नाही. भिंतीशी एका फळीवर उभे केले. दुसरी कामे होत राहिली, दुसरे कागद येऊन गेले. मी तसाच होतो, लाल दांड्याचा, जांभळ्या फुलांचा आणि एका कोऱ्या पानाचा.

इथून पुढचे सांगताना मी जरा हळू बोलतो. त्या खोलीत काहीतरी राहायला आले होते.

दमट हवेत कागद थोडा फुगतो, हे तुम्हांला माहीत असेल. पण मी फुगलो की त्या रेखलेल्या कोऱ्या पानावर आडवे राखाडी पट्टे उमटत. मी ते आणत नव्हतो. ते येत. धाकटीने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती आनंदाने धावली आणि बोट लावून मोजू लागली. नऊ. पुन्हा मोजले, बारा. तिसऱ्यांदा मोजायच्या आत तिच्या बोटाखालचे पान कोरे झाले. तिने ताईंना हाका मारल्या. ताई आल्या, त्यांना काही दिसले नाही. त्यानंतर पट्टे अनेकदा आले, पण धाकटीने कुणाला बोलावले नाही. ती एकटीच मोजत बसे, ओठ हलवत. आकडा कधीच जुळला नाही.

आणि बाहेर झाडूचा आवाज. दुपारी चारच्या सुमाराला काका आमच्या काचेबाहेरचा रस्ता झाडत. खर्र, खर्र, मग थोडे थांबणे. थांबत तेव्हा ते काचेशी येऊन आत बघत. आतले त्यांना फारसे दिसत नसणार, कारण काचेवर कायम बाष्प. आम्हांला दिसे ती त्यांची करडी आकृती आणि तोंडापाशी काचेवर उमटणारा श्वासाचा गोल. धाकटी तेवढा वेळ काचेकडे पाठ करून बसे. एकदा ताई तिला म्हणाल्या, की जा, काकांना आत बोलाव, बिचारे उन्हात उभे आहेत. ती उठली, दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. मी जीव मुठीत धरून पाहत होतो. ती परत आली आणि म्हणाली, “गेले वाटतं.” काका गेले नव्हते.

अशी नऊ वर्षे गेली. मग एका थंडीत काका वारले. छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत आटोपले. बातमी कार्यालयातल्या शिपायाने दिली. ताईंनी डोळ्यांना पदर लावला. धाकटी वाट्या धूत होती, ती धूतच राहिली. धुतलेल्या वाट्या पुन्हा धुतल्या, तिसऱ्यांदा धुतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता झाडूचा आवाज आला.

खर्र, खर्र. मग थोडे थांबणे. धाकटीने पाठ वळवली नाही. ती ताडकन उठली आणि तिने खिडकी उघडली. बाहेर रस्ता सुक्या पानांनी भरलेला होता. काकांच्या जागी अजून कुणी माणूस नेमला नव्हता, रस्ता आठ दिवस कुणी झाडलाच नव्हता. तिने खिडकी लावली. आवाज पुन्हा सुरू झाला. मित्रांनो, मला कान नाहीत. तरीही मी तो ऐकला. ताई शेजारीच एक शेंग रंगवत होत्या. त्यांचा कुंचला क्षणभर थांबला होता की तो मला भास झाला, हे मी आजही सांगू शकत नाही.

ताईंना ठाऊक होते का? याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी धाकटीला कधीही त्याबद्दल विचारले नाही. आणि ज्या बाईने पानावरची शीरसुद्धा मोजल्याशिवाय काढली नाही, तिने त्या सकाळची गोष्ट न मोजताच का सोडून दिली? शेवटच्या आजारात धाकटी त्यांच्या उशाशी होती. तिनेच पुढे सांगितले, की ताई एकदाच डोळे उघडून म्हणाल्या, “पान राहिलं गं.” ती म्हणाली, “हो ताई.” आणि तेव्हाही तिने पुढचे सांगितले नाही.

ताईंच्या मागे खोली बंद झाली. मला बागेच्या संग्रहालयात नेऊन एका सपाट खणात ठेवले. तिथे अंधार होता, कापराचा वास होता आणि वर-खाली माझ्यासारखेच चित्रांचे कागद होते. त्यांना पुरी पाने होती. मी त्यांच्याशी फार बोललो नाही.

माझे कौतुक मात्र व्हायचे. संग्रहालयाची देखरेख करणाऱ्या त्या त्या वेळच्या बाई वर्षातून एकदा शाळेच्या मुलांना चित्रे दाखवत. लाल दांडा पाहून मुले आ वासत. मग कुणीतरी विचारे, की हे पान कोरे का? त्यासरशी बाई मला हलकेच उलटे करून पाठीवरची ओळ वाचून दाखवत आणि बोध करत : बघा, एका माणसाच्या हलगर्जीपणामुळे केवढे नुकसान झाले, तुम्ही असे वागू नका. मुले चुकचुकत. एका वर्षी एकाने विचारले, “त्याला काढून टाकलं ना?” बाई म्हणाल्या, की टाकले असणारच. दरवर्षी ती ओळ मोठ्याने वाचली जाई आणि दरवर्षी माझी पाठ त्या पहिल्या दिवसासारखी बोचे. चाळीसएक वर्षे मी काकांना असा मुलांपुढे उभा करत आलो. चांगल्या बाई होत्या हो त्या. लिहिले होते तेच वाचत होत्या.

मग गेल्या वर्षी, मुले जमली होती त्याच दिवशी, एक म्हातारी काठी टेकत आली. तिने बाईंना सांगितले, की मला एक जुने चित्र पाहायचे आहे, मुलांचे होऊ द्या, मी थांबते. ती मागच्या बाकावर बसली. मी तिला ओळखले ते तिच्या हातांवरून. बसल्या बसल्या ती बाकावरची धूळ पुसायला गेली आणि मध्येच हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

बाईंनी मला खणातून काढले. कोऱ्या पानाबद्दलचा प्रश्न आला. मला उलटे केले, ओळ वाचली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “त्यांनी कबूल केलं होतं का?”

बाई थबकल्या. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, की तसे काही लिहिलेले नाही.

“त्यांना कबूल करायला काही नव्हतंच,” मागून आवाज आला. “पानं मी पुसली.”

सगळी डोकी वळली. म्हातारी उभी राहिली होती. काठी बाकावरच राहिली होती.

“आजी, तुम्ही कोण?” बाईंनी विचारले.

“चित्र काढणारीची धाकटी बहीण. मला वाटलं, धूळ आहे. पुसली. ते चुकून झालं. पण ताईनं विचारलं तेव्हा मी काकांचं नाव घेतलं, ते चुकून नाही.” ती दम खायला थांबली. “आणि पिल्लांना पाणी कसं घालायचं ते मला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर आधीची गोष्टही उघडी पडली असती, म्हणून नाही सांगितलं. म्हणून ती मेली.”

 एक मुलगा म्हणाला, “मग आजी, एवढे दिवस का नाही सांगितलंत?”

मुले सरळ विचारतात. मोठी माणसे पाण्याचा ग्लास पुढे करतात. बाईंनी तो पुढे केलाच होता. आजीने तो घेतला नाही.

“रोज वाटायचं, उद्या सांगू,” ती म्हणाली.

मग तिने विचारले, की ही ओळ खोडता येईल का. बाईंनी मान हलवली. संग्रहातल्या कागदावरचे काही खोडायचे नाही, हा तिथला नियम. मात्र खाली पेन्सिलीने भर घालता येते, सही आणि तारखेसह. त्यांनी खुर्ची ओढून दिली. मला पालथे ठेवले. अक्षरे वाकडी आली आणि मध्ये दोनदा आजी थांबली. तिने लिहिले : ‘पट्टे मी पुसले. माळीकाकांनी पानाला हात लावला नव्हता. त्यांनी तसे सांगितले होते. मी गप्प राहिले.’ पेन्सिल मऊ होती, पण ती मला टाकापेक्षा जड लागली. मात्र बोचली नाही.

ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, ती टेबलाजवळ आली. तिने दोन्ही ओळी सावकाश वाचल्या आणि आजीला विचारले, की आता ते झाड परत येईल का.

“नाही, बाळ,” आजी म्हणाली.

“आणि ते काका?”

 आजीने मुलीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, मी कागद आहे. लिहिलेले सांभाळणे एवढेच मला येते. माझ्या पाठीवर आता दोन ओळी आहेत आणि बाई आता मुलांना दोन्ही वाचून दाखवतात. मी तुमच्याकडे फार मागत नाही. जे तुम्हांला धूळ वाटेल त्याला हात लावण्याआधी, ज्याने ते सांभाळले त्याला विचारा. आणि तुमच्या हातून काही बिघडलेच, कारण हात आहेत तर बिघडणारच, तर ते त्याच दिवशी सांगा. कितीही उशिरा सांगितलेले खरे मी जपून ठेवीन, ते माझे कामच आहे. पण उशिराचे खरे कागदापर्यंतच पोचते. ते ज्याला हवे होते, त्याच्यापर्यंत नाही.